चुलीत घेतलेलं नाव

पहाटे मी धावायचे तेव्हा माझ्यापुढे माझी सावली धावायची. मागून बापूंची, म्हणजे वडिलांची, मोटरसायकल पहिल्या गिअरवर घुरघुरत यायची. तिचा उजेड माझ्या पाठीवर पडायचा आणि पायांतून निघालेली सावली डांबरी रस्त्यावर लांबत लांबत पार पुढच्या वळणात शिरायची. दोन्ही बाजूंना सागवान. बापू सोबत यायचे ते मोठ्या जनावराच्या भीतीनं. त्याचं खरं नाव आमच्याकडे अंधारात कुणी घेत नाही आणि मीही या वयात घेणार नाही. सावलीचं डोकं मला कधीच दिसायचं नाही, कारण ते उजेडाच्या पलीकडे, काळोखात असायचं. पुढे नोकरीत मी वाळूत धावले, बर्फात धावले, पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढले. पण धावणं म्हटलं की अजून तीच बिनडोक्याची सावली डोळ्यांपुढे येते. आता जिना चढताना माझे गुडघे तक्रार करतात आणि त्या रस्त्यावर मी रोज पळत होते याचं मलाच नवल वाटतं.

आमचा तांडा घाटंजीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे आम्ही लोक, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी थांबलो आणि कापूस, तूर पेरू लागलो. घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली आणि बाहेर वऱ्हाडी. इथं मी घरातलं बोलणंही वऱ्हाडीतच लिहिते आहे, कारण गोरबोली लिहायला बसले तर वाचणारा पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल. नात्याचे दोन शब्द तेवढे तसेच ठेवते: आईला आम्ही याडी म्हणतो आणि आजोबांना दादा. तेव्हा या प्रकरणात दादा आले की पिकल्या मिशांचा, पांढऱ्या फेट्याचा म्हातारा समजायचा, थोरला भाऊ नव्हे. घरात दादा, बापू, याडी, मी आणि माझ्याहून बरीच लहान पूजा. घर सिमेंटचं, गॅसची शेगडीही होती, पण परसातली मातीची चूल याडीनं मोडू दिली नव्हती. तिच्या भाकरी थापण्याचा थपथप आवाज हाच माझा गजर होता. मी धावून यायचे तोवर भाकरी, लसणाचा ठेचा आणि उकडलेली अंडी तयार असायची. अंडी ही बापूंची आज्ञा. याडी स्वतः अंड्याला शिवायची नाही. पळीनं उचलून माझ्या ताटात सोडायची आणि पळी राखेनं घासायची.

सैन्याच्या अकादमीत मुलींनाही घेतात ही बातमी माझ्यापर्यंत आणली राऊत सरांनी. ते आम्हाला अकरावी-बारावीला गणित शिकवायचे. तरुणपणी त्यांनाही तिथंच जायचं होतं. लेखी निघाली, मुलाखत निघाली आणि डॉक्टरी तपासणीत तळपाय सपाट निघाले. त्याचा त्यांनी इतका धसका घेतला होता की कुणी पोरगं सैन्याचं नाव काढलं की ते आधी त्याला चपला काढायला लावत. माझे ओले पाय वर्गाच्या फरशीवर उमटवून त्यांनी वाकून, डोळे जवळ नेऊन पाहिले आणि म्हणाले, "कमान हाये. नाव कोमल हाये तेवढं सोड, बाकी चालते." तेव्हापासून शाळा भरण्याआधी एक तास ते माझ्याकडून गणितं आणि इंग्रजी करून घेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी लेखी परीक्षा झाली, मी पास झाले आणि मग खरी भीती समोर आली. निवडीसाठी भोपाळला पाच दिवस राहायचं, तिथं माणूस आतून-बाहेरून तपासतात, असं सर सांगत.

त्या तपासणीतला एक प्रकार म्हणजे चित्र. धूसर चित्र थोडा वेळ दाखवतात, मग ते काढून घेतात आणि तुम्ही त्यावर गोष्ट लिहायची. सर सराव घ्यायचे तो झेरॉक्सची झेरॉक्स काढून. त्या कागदांवर माणसं नुसती डागांसारखी उरलेली असत. इतर पोरांना त्यात डॉक्टर दिसत, पूर आलेली नदी दिसे, वाचवायला निघालेला तरुण दिसे. मला हटकून कुणीतरी झाडाखाली पाठमोरं उभं असलेलं दिसायचं. सर वैतागायचे. "कोमल, तुह्या गोष्टीत कोणी ना कोणी मेलेलं असतेच काहून?" मी म्हणायचे, "मेला नाही सर, हरवला हाये." त्यावर ते कागद परत माझ्याकडे सरकवायचे. "मंग सापडव ना त्याले. फौजेले सापडवणारे लोक पाह्यजे."

सरांना काय सांगणार? झाडाखालचा माणूस मी मनानं काढलेला नव्हता. तांड्याच्या तोंडाशी, रस्त्याला लागूनच, एक चिंच आहे. दादांना भोजू नावाचा धाकटा भाऊ होता. मिसरूड फुटायच्या वयात तो फौजेत भरती झाला. एकदा सुटीवर आला, आईला चपला आणल्या, आणि परत जाताना सगळ्यांनी त्याला त्या चिंचेखालून निरोप दिला. तो गाडीत बसला हे पाहणारे होते. उतरला हे पाहणारं कुणी निघालं नाही. पलटणीनं विचारणा केली, तांड्यातून माणसं गेली, पण ना माणूस मिळाला ना मयत. त्याच्या आईनं मरेपर्यंत तो मेला असं म्हणू दिलं नाही. आणि आम्हा पोरांना लहानपणापासून ताकीद होती की दिवेलागणीला किंवा झुंजूमुंजू असताना चिंचेखाली कुणी उभं दिसलं तर बोलायचं नाही, तू कोण म्हणून विचारायचं नाही, मान खाली घालून घरी यायचं. आमच्यातल्या प्रत्येकाला तिथं काही ना काही दिसलं होतं. कुणाला ट्रंक, कुणाला नुसते बूट. माझं धावणं तिथूनच सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. हेडलाइटचा उजेड बुंध्यावरून सरकायचा तेव्हा मी डोळे रस्त्यावर खिळवून ठेवायचे. बापूही गाडी जरा रेटायचे, हे मला आवाजावरून कळायचं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्यात धबुकार असतो. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगते, की घरातला कर्ता माणूस सकाळी आंघोळ करून चुलीपुढे बसतो, रसरशीत निखारे पुढे ओढतो आणि लापशी-तुपाची एकेक चिमूट त्यावर टाकत गेलेल्या माणसांची नावं घेतो. नाव घेतलं की ज्योत उठावी लागते. ज्योत उठली म्हणजे त्या माणसानं घास घेतला. नाही उठली तर आणखी तूप; दादा हसून म्हणायचे की आपले पूर्वजही तुपाशिवाय हलत नाहीत. प्रत्येक नावानंतर ते थोडं थांबायचे, कुणी ओ देईल अशी वाट पाहिल्यासारखे. मग पुढचं नाव. शेवटी चुलीभोवती पाणी फिरवायचं आणि सगळ्यांनी जेवायला बसायचं. आमच्या घरची आणखी एक रीत होती. त्या निखाऱ्यांची राख वेगळी ठेवायची आणि कापसाची पहिली वेचणी घरी आली की ती वावरात उधळायची. तोवर नाव घेणाऱ्यानं त्या नावांबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

त्या वर्षी भोपाळला जायला फार दिवस उरले नव्हते. आदल्या संध्याकाळी मी तांड्यातल्या लग्नाच्या वयाच्या पोरींबरोबर दिवा घेऊन घरोघर हिंडले होते. सकाळी लापशीची परात धरून चुलीपासून हातभर अंतरावर उभी होते, कारण परात धरायचं काम थोरल्या लेकीचं. बापू, याडी, पूजा मागे. दादांनी आपल्या पणज्यापासून सुरुवात केली. नाव, ज्योत, थांबणं. नाव, ज्योत, थांबणं. त्यांच्या आईपर्यंत आले आणि नावं संपली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. परातीतून आणखी एक चिमूट उचलली आणि म्हणाले, "भोजू."

त्या घरात हे नाव चुलीपुढे कधीच उच्चारलं गेलं नव्हतं. ज्योत उठली, पिवळी, वीतभर. दादा थांबले. मग पुन्हा चिमूट घेतली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कोमल."

ज्योत उठली. मला तिची झळ हनुवटीला लागली. दादा थांबून राहिले, इतर सगळ्यांसाठी थांबत त्याहून जास्त वेळ, आणि मी गप्प उभी होते. निखाऱ्यात पडलेल्या नावाला जिवंत माणसानं ओ द्यायची नसते हे आम्हाला पाळण्यापासून माहीत असतं. मग त्यांनी पाणी फिरवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि गोठ्याकडे निघून गेले. लापशी कुणी खाल्ली नाही. याडी त्यांच्यामागे धावली. "दादा, जित्त्या पोरीचं नाव काहून घेतलं तुमी?" दादांनी फक्त चुलीतल्या राखेकडे बोट दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

बापूंनी दुपारी विषय काढून पाहिला, की म्हातारपणी होते अशी चूक, डोक्यात पोरीचा विचार होता ते तोंडातून निघालं. याडी तूर निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं. "फौजेतल्याच्या मांगं पोरीचं नाव पडलं, अन् त्याच्यावर ज्योत उठली. मी का आंधयी हावो? आता थे कुठीच जात नाही." बापू म्हणाले, "अवं, पोरीनं इतकं केलं. तोंडाशी आलेला घास हाये तो." "घासच त घेतला ना तिच्या नावाचा," याडी म्हणाली. आणि तिनं सूप पुन्हा उचललं.

सुरुवातीला मला हसू येत होतं. मी विज्ञान शाखेची मुलगी. पण त्या दिवसापासून घरात माझं नाव बंद झालं. चुलीत पडलेलं नाव राख वावरात जाईपर्यंत घरात घ्यायचं नसतं, म्हणून याडी मला "ऐक" म्हणायची, "हे घे" म्हणायची आणि बाकी वेळ नुसती पाहायची. ती माझे पाय पाहायची. भुताचे पाय उलटे असतात हे तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेलच. सकाळी मी गोधडीतून बाहेर आले की तिची नजर आधी माझ्या टाचांकडे जायची आणि मग ती भाकरी उलटायची. शेजारची काकू फराळाचं ताट द्यायला आली. दरवर्षी माझ्या हातात द्यायची, या वेळी ओट्यावर ठेवलं आणि पदर सावरत निघून गेली. पूजा एकटीच सरळ विचारणारी. माझं मनगट धरून, नाडी सापडते का पाहत, म्हणाली, "ताई, तू मेली का वं?" मी तिला चापट दिली तेव्हा तिचं समाधान झालं, माझं झालं नाही.

बापूंनी एक-दोन पहाटे सोबत केली. तेव्हा मी वळून पाहिलं तर ते रस्त्याकडे पाहत नव्हते. हेडलाइटच्या उजेडात माझी सावली पडते का, ते पाहत होते. माझे बापू, ज्यांनी मला सायकल शिकवली, माझ्यासाठी अंड्यांवरून याडीशी भांडले, ते. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण मीही तेच पाहू लागले. मग याडीनं माझे बूट लपवले, मोटरसायकलची किल्ली आपल्या कमरेला खोचली आणि बापूंचं येणं थांबलं.

कापसाची वेचणी सुरू झाली होती. सुटीच्या दिवशी मीही कमरेला ओटा, म्हणजे कापूस भरायची झोळी, बांधून वावरात जायचे. बायांच्या गप्पा मी ओळीत शिरले की तुटायच्या. कापूस फुटलेलं वावर सकाळच्या धुक्यात फार विचित्र दिसतं. सगळीकडे पांढरं आणि त्यात माणसं कमरेपर्यंतच असल्यासारखी. त्या पांढऱ्यात मी एकटी वेचत राहायचे आणि मनात यायचं, की मेलेल्या माणसाला आपण मेलो हे कळत असेल का? की तोही असाच काम करत राहत असेल, लोक आपल्याशी काहून बोलत नाहीत म्हणून चिडत? माझं नाव दिवसातून एकदाच कानावर पडायचं, शाळेच्या हजेरीत. मी त्याच्यासाठी शाळेत जाऊ लागले म्हटलं तरी चालेल. एक दिवस सरांनी "कोमल" म्हटलं आणि मला "हजर" म्हणवेना. माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सगळा वर्ग माझ्याकडे पाहायला लागला. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय वं, हायेस का नाहीस?" "हावो सर," मी म्हणाले आणि बाकावर डोकं ठेवून रडले. सरांना वाटलं मुलाखतीची धास्ती. त्यांनी मला ग्लुकोजचा पुडा दिला.

आजही कुणी मला हाक मारून थोडं थांबलं की मला ते दिवस आठवतात. पलटणीत माझ्याबद्दल म्हणत, की या मॅडम हाक पुरी व्हायच्या आत ओ देतात. शिस्त असेल, असं त्यांना वाटायचं.

निघायच्या आदल्या दिवशीची पहाट. जाणं होणार नाही हे ठरल्यातच जमा होतं. तरी मी उठले आणि अनवाणी निघाले. किती पळाले ते आठवत नाही. मागे उजेड नव्हता म्हणून पुढे सावलीही नव्हती. सागाची वाळकी पानं रस्त्यावर पडलेली. माझा पाय पडला की चुरचुर वाजायचं, आणि मी थांबले की आणखी एकदा वाजायचं, माझ्यानंतर. मी पुन्हा धावायचे, पुन्हा थांबायचे. ते नेहमी एका पावलानं मागे राहत होतं. वारा होता असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. परत वळले तेव्हा पूर्वेला जरासं फिकटलं होतं. चिंच लांबून दिसली. तिच्याखाली माणूस उभा होता. पाठमोरा, डोक्याला पांढरं.

मान खाली घालून घरी जायचं, ही ताकीद मला पाठ होती. पण घरी तरी काय होतं? तिथंही माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मला एकदम वाटलं, की या माणसाचं आणि माझं आता एकच आहे, दोघांचीही नावं एकापाठोपाठ पडली आहेत. मी रस्ता सोडला आणि चिंचेखाली गेले. "कोण हाये?" मी विचारलं.

"मी हावो," दादा म्हणाले आणि वळले. त्यांच्या हातात लापशीची वाटी होती, झाकलेली. "घाबरली?"

"हो."

"बरं झालं. घाबरते थो जित्ता." वाटी त्यांनी बुंध्याशी ठेवली आणि स्वतः मुळावर बसले. म्हणाले, "काल सांजीले पह्यली वेचणी घरी आली. राख वावरात गेली. आता बोलता येते." आणि मग ते बोलले; इतके दिवसांचं साठलेलं, हळूहळू, मधेच दम खात. "माह्या मायनं भोजूचं नाव घेऊ देलं नाही. म्हणे नाव घेतलं त पोरगा मेला. नाही घेतलं म्हून का आला थो? इथंच उभा राह्यला. ना घरातला, ना भाएरचा. जेवाले बलावलं नाही त येईन कसा? मी आता पिकलं पान. मी गेल्यावर त्याले बलावणारं कोण? म्हून बलावलं."

"अन् मले?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"तू पोरगी. पोरीचं नाव बापाच्या चुलीत पडत नसते, सासरच्या चुलीत पडते. तू त सासरी चालली नाहीस, तू चालली भोजूच्या वाटेनं. उद्या तुले काही झालं, त कोणत्या चुलीपाशी येशीन? तुह्या बापाले हे सुचलं नसतं. मी हावो तोवर तुही जागा करून ठेवली. एकदा नाव पडलं की चूल इसरत नाही."

"पण मी जित्ती हावो, दादा."

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मूर्खपणा माझाच होता. "मंग ओ द्याची होती ना," ते म्हणाले. "मी थांबलो होतो."

घरी येऊन त्यांनी याडीला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मी मोरीत पायांतले काटे काढत बसले होते. दोघं परसात बराच वेळ होते. याडी एकदाही मोठ्यानं बोलली नाही. दिवसभर तिनं घरातली कामं केली, माझ्या बॅगेकडे पाहिलं नाही, आणि बापूंनी भीत भीत वर्ध्याच्या एसटीची वेळ सांगितली तेव्हा ती उठून गोठ्यात गेली. मी रात्री झोपले ते जायचं नाही असं समजूनच.

सकाळी जाग आली ती तुपाच्या वासानं. भाकरीची थपथप नव्हती. परसात गेले तर याडी न्हाऊन, नवं लुगडं नेसून चुलीपुढे बसली होती. बाईमाणसानं घास टाकायला त्या जागी बसायची आमच्यात रीत नाही. दादा बाजूला बाजेवर, बापू आणि पूजा दारात. निखारे पुढे ओढलेले. याडीनं चिमूट घेतली. अर्धी लापशी वाटेतच सांडली. "कोमल," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून माझं नाव निघालं. ज्योत उठली, बसू लागली. याडी थांबली होती. तिची पाठ ताठ झाली होती आणि ती वळून पाहत नव्हती.

"छू," मी म्हणाले. आमच्या बोलीत त्याचा अर्थ एवढाच, की आहे.

तिनं पुन्हा चिमूट टाकली, पुन्हा नाव घेतलं. "छू," मी म्हणाले. तिसऱ्यांदा ती नाव घेताना रडत होती आणि मी जवळजवळ ओरडले. मग ती उठली, ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि माझे बूट बाहेर काढले. झाडून दिले तरी भोपाळला पोहोचेपर्यंत त्यांतून ज्वारीचे दाणे निघत होते. एसटी चिंचेवरून गेली तेव्हा मी खिडकीतून नीट, डोळे उघडे ठेवून पाहिलं. खाली कुणी नव्हतं. वाटी मात्र पुसल्यासारखी स्वच्छ होती. कुत्र्यांनी केली असेल.

भोपाळच्या पाच दिवसांवर लोक मला भाषणात बोलायला सांगतात. मी खरं ते सांगत नाही. खरं एवढंच, की त्यांनी धूसर चित्र दाखवलं, त्यात झाड होतं, आणि झाडाखाली मला जो दिसायचा तो दिसला. मी लिहिलं, की तांड्यातल्या पोरीनं त्याला नावानं हाक मारली, तो वळला आणि घरी येऊन जेवला. त्या खेपेला माझी निवड झाली. राऊत सरांनी पेढे वाटले आणि वाटताना पोरांना चपला काढायला लावल्या.

दादा अकादमीतल्या माझ्या दुसऱ्या वर्षी गेले. त्यानंतर चुलीपुढे याडीच बसू लागली. तांड्यात कुरकुर झाली आणि मग लोकांना सवय झाली. दर धबुकाराला सगळ्या नावांच्या शेवटी ती माझं नाव घ्यायची. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून तिनं चूलच तिथं हलवली. पूजा फोन धरायची आणि मी जिथं असेन तिथून "छू" म्हणायचे. कधी अशा जागी असायचे की फोन लागणं शक्य नसे. तेव्हा याडी निखारे विझेपर्यंत उठायची नाही, असं पूजा सांगायची. नंतर केव्हातरी फोन लागला की मी खुशाली विचारायच्या आधी तेवढा एक शब्द म्हणायचे, आणि पलीकडे याडी कुणाला तरी म्हणायची, "आता पाणी फिरवा."

याडी गेली त्या वर्षी मी सुटी घेऊन आले. बापू फार थकले होते, म्हणून चुलीपुढे मी बसले. पूजा सासरहून आली होती, तिनं परात धरली. दादांचा पणजा, त्याच्यानंतरचे, दादांची आई, भोजू, दादा. सगळ्यांनी नीट घास घेतला. मग मी चिमूट उचलली आणि याडीचं नाव घेतलं, "सोनी." ज्योत उठली. मी थांबले. इतकी वर्षं फोनच्या दोन टोकांना आम्ही दोघी एकमेकींसाठी थांबलो होतो. ती सवय मोडेना. निखाऱ्यावर राख धरायला लागली तरी मी तशीच बसून होते. शेवटी बापू मागून म्हणाले, "पुढचं घे, बाई."

पुढचं नाव माझं होतं आणि ते घेणारं आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी चिमूट टाकली, म्हटलं, "कोमल." ज्योत उठली. पूजा, बापू माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. ओ द्यायला मला जरा वेळ लागला.